थंडावा घशाला, धूर फुप्फुसाला

ताई,

माझं वय ४१. अठरा वर्षं सिगरेट ओढतोय, त्यातली शेवटची बारा वर्षं फक्त मेंथॉलची. आधी साधी ओढायचो. एकदा खोकला काही केल्या जाईना, तेव्हा मित्र म्हणाला, मेंथॉलवर ये, हलकी असते, घशाला बरी. आणि खरंच खोकला थांबला. आता दिवसाला पंधराएक होतात, पहिली उठल्या उठल्या. (परवा पाकीट संपलं म्हणून ऑफिसातल्या एकाची साधी ओढली, तर असा ठसका लागला की डोळ्यांत पाणी आलं. साधी किती कडक असते ते बारा वर्षांनी कळलं.)

पाच वेळा सोडून पाहिली. पहिल्यांदा एकदम सोडली. तिसऱ्या दिवशी सगळ्यांवर खेकसत होतो, कॉफीवर कॉफी पीत होतो, झोप उडाली होती. चौथ्या दिवशी सकाळी पेटवली. दुसऱ्यांदा एकेक कमी करत चारवर आलो, तिथे अडकलो आणि परत चढलो. तिसऱ्यांदा निकोटिनचा गम आणला. घसा जळला, उचक्या लागल्या, दोन दिवसांत फेकून दिला. चौथ्यांदा ४७ दिवस टिकलो. मग मित्राच्या वाढदिवसाला एक ओढली आणि पुढच्या आठवड्यात पाकीट घेतलं. पाचव्यांदा 'लाइट' मेंथॉलवर गेलो.

मेंथॉल खरंच कमी घातक असते ना? एक जण म्हणतो, तिच्यात काचेचे बारीक तंतू असतात आणि पुरुषत्व जातं. आधी साधीवर यावं आणि मग सोडावी, असं केलं तर सोपं जाईल का? आणि मुलीला सांगू का? ती सात वर्षांची आहे. म्हणते, 'बाबा, तुझ्या तोंडाला टूथपेस्टचा वास येतो आणि जळल्याचा पण.' येत्या एक तारखेपासून सोडायची म्हणतोय.

— गारठलेला


गारठलेले,

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही कंसात टाकून दिलीत. तो ठसका. तुम्ही त्याचा अर्थ काढलात की साधी सिगरेट कडक असते. अर्थ उलटा आहे. तुमची मेंथॉलही तेवढीच कडक असते, रोज पंधरा वेळा असते. फक्त ती तुमच्या घशाला कळू देत नाही. परवा बारा वर्षांनी पहिल्यांदा तुमच्या घशाला धुराची खरी चव कळली आणि त्यानं जे करायला हवं तेच केलं.

हे कसं होतं ते जरा सविस्तर सांगते, कारण तुमचे निम्मे प्रश्न इथेच सुटतात. आपल्या तोंडात, नाकात, घशात गारवा ओळखणाऱ्या नसा असतात. त्यांच्या टोकाशी एक प्रथिन असतं, टीआरपीएम ८ नावाचं. तापमान साधारण २६ अंशांच्या खाली गेलं की ते उघडतं आणि मेंदूला निरोप जातो, 'गार लागतंय.' गंमत अशी की पुदिन्यातलं मेंथॉल हेच दार उघडतं, तापमान तसूभरही न बदलता. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापूटियन या दोघांनी २००२ मध्ये वेगवेगळं काम करून हे प्रथिन शोधलं. तापमान आणि स्पर्श कळण्यामागची यंत्रणा उलगडल्याबद्दल २०२१चं नोबेल त्यांना मिळालं. म्हणजे तुमच्या झुरक्यात गारवा कुठेच नसतो. झुरका ओढताना सिगरेटचं टोक साधारण ९०० अंशांपर्यंत तापतं. गार फक्त निरोप असतो.

सर्दीत मेंथॉलची गोळी चघळल्यावर नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, हा अनुभव सगळ्यांचाच. संशोधकांनी अशा वेळी नाकातून जाणारी हवा मोजली, तर चोंदलेलं नाक तेवढंच चोंदलेलं. हवा वाढलेली नव्हती, वाढल्याचं वाटणं वाढलं होतं. सर्दीत ही फसवणूक चालते, चार दिवसांत सर्दी आपोआप जाते. धुराच्या बाबतीत मात्र हीच फसवणूक महागात पडते, कारण इथे दाबला जातो तो ठसका, आणि ठसका म्हणजे शरीराचा चौकीदार. मेंथॉल गारव्याबरोबर थोडी बधिरताही आणतं. चौकीदाराला गुंगी आली की धूर आत जातो, खोल जातो, आणि वाटतं, किती हलकी आहे!

तेव्हा बारा वर्षांपूर्वी तुमचा खोकला बरा झाला नाही. तो गप्प झाला.

आता, ही 'घशाला बरी' समजूत तुमच्या मित्राची नाही हो, ती शंभर वर्षांची आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या लॉइड ह्यूज नावाच्या माणसानं १९२५ मध्ये तंबाखूला मेंथॉल लावण्याच्या पद्धतीचं पेटंट मिळवलं आणि 'स्पड' नावाची सिगरेट बाजारात आली. १९३३ मध्ये 'कूल' आली, १९५६ मध्ये फिल्टरवाली 'सेलम'. त्या काळच्या जाहिराती सरळ सांगायच्या, सर्दी झालीय, घसा धरलाय, मग मेंथॉल ओढा. घसा कशानं धरला, हे विचारायची सोय त्यात नव्हती. पुढे कायद्यांनी असे दावे बंद पडले, पण हिरवं पाकीट, पानाचं चित्र, 'फ्रेश' असला एखादा शब्द एवढ्यावरही काम भागतं. हल्ली फिल्टरमध्ये गोळी असते, बोटांनी चिरडली की टक असा आवाज होऊन थंडावा सुटतो. मला तर ते लहान मुलांचं खेळणं वाटतं, आणि लहान वयातच लोक तिकडे ओढले जातात हा योगायोग नाही. पहिल्या सिगरेटला ज्याला जोरात ठसका लागतो तो बऱ्याचदा दुसरी घेत नाही. मेंथॉल तो ठसकाच काढून घेते.

मग ती जास्त घातक का? तर तसंही म्हणता येत नाही, आणि तुमची भीती वाढावी म्हणून मी खोटं बोलणार नाही. सिगरेटमागे सिगरेट तुलना केली तर मेंथॉलवाल्यांना फुप्फुसाचा कॅन्सर साधीवाल्यांपेक्षा जास्त होतो असं दिसलेलं नाही. कमी घातक असल्याचा आधारही नाही. जळणारी तंबाखू तीच, डांबर तेच, कार्बन मोनॉक्साइड तोच. खोट दुसरीकडे आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१३ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून जो आढावा काढला, त्यात निष्कर्ष असा की मेंथॉलमुळे सिगरेट सुरू करणं सोपं होतं आणि सोडणं अवघड. मेंथॉलवाले सकाळी लवकर पहिली पेटवतात, हेही त्यात आलंय. तुमचं 'उठल्या उठल्या' वाचलं तेव्हा मला तेच आठवलं. तुम्ही पाच वेळा पडलात त्याचं सगळं खापर स्वतःच्या मनोबलावर फोडत असाल तर थोडं या थंडाव्यावरही फोडा.

काचेच्या तंतूंची गोष्ट फार जुनी अफवा आहे, सोडून द्या. फिल्टर उघडून पाहिला तर पांढरे चकचकीत धागे दिसतात, त्यावरून उठली असावी. ते सेल्युलोज अॅसिटेटचे, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकचे असतात. फुप्फुसात मेंथॉलचे खडे साचतात, ही तिचीच बहीण. पुरुषत्वाचं मात्र पूर्ण खोटं नाही, फक्त आळ चुकीच्या माणसावर आलाय. सिगरेट रक्तवाहिन्या खराब करते आणि लिंगाच्या रक्तवाहिन्या बारीक, म्हणून ताठरतेच्या तक्रारी ओढणाऱ्यांत जास्त. त्यात मेंथॉल आणि साधी असा भेद नाही. तसा काही त्रास जाणवत असेल तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा. कधीकधी हृदयाच्या आधी हीच जागा बोलते.

'लाइट'बद्दल दोन वाक्यं. लाइट सिगरेटच्या फिल्टरला बारीक छिद्रं असतात. यंत्रानं झुरका घेतला की त्यातून बाहेरची हवा मिसळते आणि आकडे कमी येतात, पण माणूस ती छिद्रं नकळत बोटांनी, ओठांनी झाकतो आणि वर झुरका खोल घेतो. तेव्हा तुमचा पाचवा प्रयत्न मी मोजत नाही. तुम्ही चारच वेळा सोडलीय.

आता त्या चार वेळांकडे येऊ. तुम्ही त्यांना अपयशं म्हणता. मी तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि मला त्यात चार वेगवेगळ्या जागी निखळलेले चार खिळे दिसले. चारही ठोकता येतात.

पहिला, तिसरा दिवस. निकोटिन रक्तातून झपाट्यानं जातं, दर दोनेक तासांनी निम्मं होतं. मेंदू ते मागायला लागतो आणि ती मागणी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जोरात असते. चिडचिड, झोपमोड, कशात लक्ष न लागणं, हे सगळं त्या हिशेबातलं. दोन ते चार आठवड्यांत ते ओसरतं. तुम्ही चढाच्या टोकावर जाऊन परत फिरलात. पण त्यात एक चोर दुसराच होता, कॉफी. सिगरेटच्या धुरातले काही घटक यकृताला कॅफिन भराभर फोडायला लावतात. धूर थांबला की हा वेग पडतो आणि तेवढ्याच कॉफीनं रक्तात जवळजवळ दुप्पट कॅफिन राहतं. तुम्ही तर वर कॉफी वाढवलीत! छातीत धडधड, हात थरथर, रात्रभर टक्क जाग, आणि समजूत अशी की सिगरेट मागतेय. या वेळी पहिल्या दिवसापासून चहा-कॉफी निम्मी करा आणि दुपारनंतर बंद. एवढ्यानंही चौथी सकाळ वेगळी उगवेल.

दुसरा, एकेक कमी करणं. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. इंग्लंडमध्ये सुमारे ७०० जणांवर झालेला, २०१६ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. निम्म्यांनी दोन आठवडे कमी करत करत सोडली, निम्म्यांनी ठरलेल्या दिवशी एकदम. औषधाची मदत दोघांना होती. सहा महिन्यांनी एकदम सोडणाऱ्यांतले २२ टक्के टिकले होते, कमी करत जाणाऱ्यांतले १५.५. असं का, ते चारवर अडकलेल्या माणसाला मी काय सांगावं! पंधरातल्या बऱ्याचशा बेचव, सवयीच्या असतात. चार उरल्या की प्रत्येक सोन्याची होते. दिवसभर तिची वाट पाहायची, ओढताना थोटूक बोटांना चटके देईपर्यंत ओढायची. आणि चारवर राहिलं तरी बरंच की, असंही नाही. दिवसाला एकच ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा जादा धोका वीस ओढणाऱ्याच्या साधारण निम्मा भरतो, विसावा भाग नव्हे. तुम्ही एकदम सोडणाऱ्यांतले आहात. ४७ दिवस तुम्ही तसेच काढलेत.

तिसरा, गम. घसा जळला आणि उचक्या लागल्या म्हणजे तुम्ही तो साध्या च्युइंग गमसारखा चावलात. जवळजवळ सगळे तसंच करतात, पाकिटातला कागद कोण वाचतो. निकोटिन गम चावायचा कमी आणि ठेवायचा जास्त. पाच-सहा वेळा सावकाश चावा. जिभेला झिणझिण्या आल्या किंवा मिरीसारखं तिखट लागलं की थांबा आणि गम गाल आणि हिरडीच्या मध्ये सरकवून ठेवा. निकोटिन गालाच्या आतल्या कातडीतून शिरायला हवं, पोटात गेलं तर वाया जातं आणि वर उचक्या देतं. झिणझिण्या गेल्या की परत चार-पाच वेळा चावा, गम दुसऱ्या गालात. असं अर्धा तास. गम घ्यायच्या आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असेपर्यंत कॉफी, फळांचा रस, सोडा काही नको. तोंड आंबट असलं की निकोटिन आत जात नाही. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली पेटवणाऱ्याला २ मिलिग्रॅमचा गम सहसा पुरत नाही, ४चा लागतो. तुम्ही कुठला आणला होता? पैज लावते, २चा.

आणि एकटा गम नको. दंडावर लावायचा निकोटिनचा पॅच आणि तलफ आली की गम, ही जोडी दोन्हीपैकी एकट्या कशाहीपेक्षा चांगली चालते. पॅच दिवसभराची मागणी खालच्या पट्टीत ठेवतो, गम मधली उसळी दाबतो. दिवसाला दहापेक्षा जास्त ओढणाऱ्याला साधारण २१ मिलिग्रॅमच्या पॅचपासून सुरू करून काही आठवड्यांनी १४, मग ७ असं उतरवतात. व्हॅरेनिक्लिन, सायटिसिन, ब्युप्रोपिऑन ही औषधंही आहेत. तुमची इतर दुखणी आणि चालू औषधं पाहून त्यातलं काय द्यायचं हे डॉक्टर ठरवतील. फिट येण्याचा इतिहास असेल तर ब्युप्रोपिऑन नको, एवढं लक्षात ठेवा. 'निकोटिन घेऊन निकोटिन कसं सोडणार' असं म्हणणारा एक जण प्रत्येक ऑफिसात असतो. त्याला सांगा, मला मारतोय तो धूर. निकोटिन मला फक्त बांधून ठेवतंय, ते मी नंतर सावकाश सोडवीन.

चौथा खिळा माझ्या जवळचा आहे. मी स्वतः अकरा वर्षं ओढत होते आणि सातव्या खेपेला सुटले. सहाव्या खेपेला पाच महिने झाले होते. दुःख, भांडण, जागरणं, सगळ्यातून तगले आणि मोडले कधी, तर एका अतिशय आनंदाच्या संध्याकाळी. गच्चीवर जुनी मंडळी जमली होती, हसून हसून पोट दुखत होतं, आणि कुणीतरी पाकीट पुढे केलं. तलफ नव्हती. हात आपोआप गेला, जसा जुन्या घरातल्या दिव्याच्या बटणाकडे अंधारात जातो. तुमच्या ४७व्या दिवशी तुमच्या शरीरात निकोटिनचा थेंब नव्हता, अंगातली मागणीही बहुतेक संपलेली होती. तुम्हाला मोडलं ते प्रसंगानं. आणि खरं सांगू का, तिथेही तुम्ही मोडला नव्हतात. पत्र नीट वाचा तुमचंच. वाढदिवसाला एक ओढलीत आणि पाकीट 'पुढच्या आठवड्यात' घेतलंत. मधले ते दिवस तुम्ही ओढत नव्हतात! त्या दिवसांत तलफेनं नाही, 'आता मोडलंच आहे' या विचारानं तुम्हाला दुकानापर्यंत चालवत नेलं. एक सिगरेट घसरणं असतं. पाकीट निर्णय असतो. या वेळी घसरलात तर त्याच रात्री कुणाला तरी फोन करून सांगायचं, 'एक ओढली, उद्या ४८वा दिवस आहे.' पहिल्या दिवसापासून मोजायचं नाही. तो फोन कुणाला, त्याचं नाव आत्ताच ठरवा. वाढदिवस ज्याचा होता तोच बरा.

तुमच्या 'आधी साधीवर यावं का'चं उत्तर देते. कल्पना वाटते तेवढी वेडी नाही. कॅनडानं ऑक्टोबर २०१७ पासून देशभर मेंथॉल सिगरेटी बंद केल्या. त्यानंतर पाहणी झाली तेव्हा आधी मेंथॉल ओढणाऱ्यांत सोडणाऱ्यांचं प्रमाण साधी ओढणाऱ्यांपेक्षा जास्त निघालं. युरोपीय संघानं २० मे २०२० पासून तेच केलं. अमेरिकेनं २००९ मध्ये बाकीच्या स्वादांवर बंदी घातली, मेंथॉल तेवढी वगळली. तीही बंद करायचा प्रस्ताव २०२२ मध्ये आणला आणि जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतला. पण कॅनडातल्या लोकांना जवळच्या दुकानात मेंथॉल मिळतच नव्हती. तुम्हाला मिळते. तुम्ही साधीवर याल, चार दिवस ठसके खाल, आणि एक तर परत हिरव्या पाकिटाकडे जाल किंवा, त्याहून वाईट, साधीची सवय करून घ्याल. घसा शिकतो हो, फार लवकर शिकतो. साधीचा जो धडा होता तो तुम्ही परवा एका सिगरेटमध्ये घेतलात. तेवढा पुरे.

त्यापेक्षा एक वेगळी गोष्ट करा. तुमच्या दोन सवयी एकमेकींत विणल्या गेल्यात, एक धुराची आणि एक गारव्याची, आणि तुम्ही दर वेळी दोन्ही एकदम तोडता. गारवा तोडायची गरज काय? गारव्यानं कुणाचं काही बिघडत नाही. मेंथॉलची साखर नसलेली गोळी खिशात ठेवा, पाकीट जिथे असायचं त्याच खिशात. निकोटिन गमही पुदिन्याच्या स्वादाचा घ्या. सकाळी उठल्या उठल्या, सिगरेटच्या वेळेला, दात घासा आणि खिडकीशी उभं राहून तोंडानं हवा आत ओढा. करून पाहा, घशात तोच थंडावा लागेल, कारण तो तेव्हाही पुदिन्याचाच होता. एकेक तलफ पाच मिनिटांच्या आत उतरते. तेवढी पाच मिनिटं त्या गोळीवर काढायची. जेवणानंतरची मात्र या युक्तीनं भागत नाही असा माझा अनुभव आहे. तिला उठून चालायला जाणं हाच इलाज. ताट ठेवलं की चपला.

सुटल्यावर काय होईल तेही ऐकून ठेवा, नाहीतर तिथे फसाल. काही आठवडे तुमचा खोकला वाढू शकतो. श्वासनलिकेत कचरा वर ढकलणारे बारीक केस असतात, धुरानं ते लुळे पडलेले असतात. धूर थांबला की ते परत कामाला लागतात. शिवाय गुंगी देणारं मेंथॉल नसेल. बारा वर्षांपूर्वी खोकला आला म्हणून मेंथॉलवर गेलेला माणूस या वेळी खोकला आला की काय म्हणेल, मला ठाऊक आहे, 'ओढत होतो तेव्हा बरा होतो.' हे वाक्य कागदावर लिहून आरशाला चिकटवा आणि तोंडावर येईल तेव्हा ओळखा. तोंड येईल, पोट साफ होणार नाही, हेही पुष्कळांना होतं आणि जातं. वजन वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वाढतं. वाढू द्या, त्याचं नंतर पाहू. पण खोकला महिन्या-दोन महिन्यांत कमी झाला नाही, किंवा कफात कधीही रक्त दिसलं, तर माझ्या सदराला पत्र लिहीत बसू नका, थेट डॉक्टरांकडे जा.

फायदा किती, असं तुम्ही विचारलं नाहीत, तरी तुमचं वय पाहून सांगते. ब्रिटनमधल्या पुरुष डॉक्टरांवर १९५१ पासून पन्नास वर्षं एक अभ्यास चालला. ओढत राहणाऱ्यांचं आयुष्य न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षांनी कमी निघालं. ज्यांनी चाळिशीच्या आसपास सोडली त्यांना त्या दहातली सुमारे नऊ परत मिळाली. पन्नाशीला सोडणाऱ्यांना सहा. तुम्ही ४१चे आहात.

एक तारखेचं खूळ सोडा. एक तारीख, सोमवार, नवं वर्ष, या सगळ्या लांबणीवर टाकायच्या सभ्य जागा आहेत. दोन आठवड्यांच्या आतला एखादा नीरस दिवस निवडा, ज्या संध्याकाळी कुठे जायचं नाही, कुणी यायचं नाही. आदल्या दिवशी पॅच आणि गम घरात असायला हवा. पाकीट फेकताना पाण्यात बुडवून फेका. कचऱ्यातून काढून वाळवलेल्या सिगरेटीबद्दल मी अनुभवानं बोलतेय, म्हणून ती चुरगाळाही. गाडीतलं, जॅकेटातलं, कपाटावरचं राखीव पाकीटही शोधा. ते असतंच.

राहिली मुलगी. तिला सांगू नका. सात वर्षांच्या पोरी वचनं मोजतात आणि विसरत नाहीत. आधीच्या वेळचं तिच्या खात्यावर आहेच. सोडा आणि गप्प बसा. तीनेक आठवडे झाले की एखाद्या रात्री झोपवताना सहज विचारा, बाबाच्या तोंडाला कसला वास येतो गं? नुसता टूथपेस्टचा म्हणाली तर मला कळवा.

— ताई